पाय उचलत नाहीत, मग छातीचं स्कॅन पुन्हा कशाला?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताईंचं सासर कोल्हापूर शहरात आहे, माहेर कागल तालुक्यात. वडील ६४ वर्षांचे, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. पुढे उद्यमनगरात फौंड्रीत नोकरी, आता थोडी शेती. बिडी विसाव्या वर्षापासून, आजही सुरू. गेल्या दिवाळीपासून खाली बसलं की त्यांना उठता येईना. जिना चढताना कठड्याला धरून शरीर वर ओढावं लागतं. तोंड कोरडं पडतं, रश्शात कुस्करल्याशिवाय भाकरीचा घास गिळवत नाही. वजनही उतरलंय. आधी शुगरमुळे म्हटलं, मग मणक्याचा एमआरआय झाला, मालिश झाली, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी नसांची तपासणी केली आणि ‘लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम’ असं निदान केलं. छातीचा सीटी स्कॅन करायला लावला, तो स्वच्छ निघाला. तरी डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, जमलं तर आत्ताच पेट स्कॅनही करून घेऊ. थोरल्या भावाला हे पटत नाही. “पायाचं दुखणं आणि छातीचं स्कॅन कशाला? नाही ते हुडकत बसू नये, हुडकलं की सापडतंयच,” असं त्याचं म्हणणं. आप्पांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. ताई विचारतात: भावाशी वाईटपणा घेऊन स्कॅनचा आग्रह धरावा का? आणि आप्पांना सांगावं का? शिवाय पोट साफ होत नाही म्हणून आई त्यांना काढा देते, तो चालेल का?

---

प्रिय ताई,

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको. हो, स्कॅनचा आग्रह धरा. पण भावाशी भांडण करून नको. त्याची शंका अडाणीपणाची नाही. पाय उचलत नाहीत म्हणून छाती तपासा, असं कुणीही सांगितलं तरी आपल्याला संशय येणारच. हा दुवा कुणी नीट उलगडून सांगितला नाही, एवढीच खरी अडचण आहे. म्हणून तोच आधी उलगडते. हे पत्र दादांनाही वाचायला द्या.

आप्पांचे स्नायू चांगले आहेत. नसाही चांगल्या आहेत. बिघाड आहे तो नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या टोकाशी. शेतावरची मोटर ठणठणीत आहे, वायर तुटलेली नाही, पण स्टार्टर धरत नाही, तसं समजा. नसेच्या टोकाला कॅल्शियम आत घेणारे चॅनेल असतात. मेंदूकडून ‘ऊठ’ असा निरोप आला की त्या चॅनेलमधून कॅल्शियम आत शिरतं, मग तिथून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आवळतो. लॅम्बर्ट-ईटनमध्ये शरीराच्याच प्रतिकारशक्तीने बनवलेली अँटीबॉडी या चॅनेलवर हल्ला करते. कॅल्शियम पुरेसं आत जात नाही, रसायन कमी सुटतं आणि मांडीला निरोप अर्धामुर्धाच पोचतो. हाडांतलं किंवा रक्तातलं कॅल्शियम कमी झालंय असा याचा अर्थ नाही. दादांनी आणलेल्या गोळ्यांनी म्हणूनच फरक पडला नाही.

तोंड कोरडं पडणं हे त्याच बिघाडाचं दुसरं टोक. लाळ सुटायला, आतडी हलायला ज्या नसा लागतात, त्यांनाही हेच रसायन लागतं. आप्पांचं पोट साफ होत नाही, तेही यातच आलं. पुरुषांमध्ये लैंगिक शक्ती कमी होणं हेही याचंच लक्षण आहे. आप्पा ते तुमच्याशी बोलणार नाहीत, पण डॉक्टरांना एकांतात सांगितलं तर निदानाला मदत होते. दादांनी त्यांना डॉक्टरांजवळ एकटं सोडावं, एवढंच करायचं.

आता छातीकडे. फुफ्फुसाच्या कर्करोगात ‘स्मॉल सेल’ नावाचा एक प्रकार आहे. त्याच्या पेशींवर नसेच्या टोकावर असतात तसेच कॅल्शियम चॅनेल असतात. शरीर त्या गाठीशी लढायला अँटीबॉडी तयार करतं आणि तीच अँटीबॉडी चुकून नसांवर जाते. म्हणजे गाठ छातीत, लक्षण पायात. आणि महत्त्वाचं हे, की लढाई गाठ अगदी बारीक असतानाच सुरू होते. खोकला नाही, थुंकीतून रक्त नाही, एक्स-रेत डाग नाही, तरी पाय मात्र बोलू लागतात. लॅम्बर्ट, ईटन आणि रूक या अमेरिकन डॉक्टरांनी १९५६ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. हा संबंध तेव्हापासून माहीत आहे, कुणी आज काढलेली टूम नाही.

लॅम्बर्ट-ईटन झालेल्या सगळ्यांनाच कर्करोग असतो का? नाही. साधारण निम्म्या ते ६० टक्के रुग्णांमध्ये गाठ सापडते, बाकीच्यांमध्ये तो निव्वळ प्रतिकारशक्तीचा आजार असतो आणि गाठ कधीच निघत नाही. हे ऐकून हायसं वाटलं असेल, तरी पुढचंही सांगायलाच हवं. वय ५० च्या वर, आजार सुरू झाला तेव्हा बिडी-सिगारेट चालू, वजन उतरलेलं, सुरुवातीच्या महिन्यांतच बोलण्या-गिळण्यात अडथळा, ही लक्षणं जितकी जास्त, तितका संशय दाट. आप्पांच्या बाबतीत यातल्या निदान तीन गोष्टी जुळतात. घास गिळवत नाही तो कोरड्या तोंडाने की घशाचे स्नायू दमल्याने, हे न्यूरॉलॉजिस्टना मुद्दाम विचारा. शिवाय आयुष्य फौंड्रीत गेलंय. साच्याच्या वाळूत सिलिका असते आणि श्वासावाटे जाणारी सिलिकाची धूळ कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ सालीच जाहीर केलं आहे. बिडी आणि फौंड्री दोन्ही असलेल्या माणसाचा एक स्कॅन स्वच्छ आला म्हणून मी तरी निर्धास्त बसणार नाही.

दादांचा मुख्य मुद्दा हाच आहे ना, की सीटी स्वच्छ आला, विषय संपला? इथेच त्यांची गफलत होते आहे. स्वच्छ सीटी म्हणजे ‘आज दिसेल एवढी मोठी गाठ नाही’. गाठ असलीच तर ती बहुतेकांमध्ये पहिल्याच तपासणीत किंवा पहिल्या वर्षात सापडते. म्हणूनच जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट अशा रुग्णाला दर तीन ते सहा महिन्यांनी तपासतात, साधारण दोन वर्षं. दोन वर्षांत काही निघालं नाही, तर पुढे निघण्याची शक्यता फार कमी उरते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने त्या हिशोबातच बसतात. पेट स्कॅन आत्ताच का, तर सीटीत गाठीचा आकार दिसतो आणि पेटमध्ये साखर जास्त खाणाऱ्या पेशी उजळतात, त्यामुळे दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेतली लहानशी गाठ कधीकधी पेटमध्येच पहिल्यांदा दिसते. आप्पांना शुगर आहे, तेव्हा पेटच्या आधी शुगर आटोक्यात हवी. गोळ्या आणि इन्सुलिनची वेळ स्कॅन सेंटरला आधी फोन करून विचारून घ्या. नाहीतर शुगर वाढलेली दिसली की परत पाठवतात आणि गावाहून येण्याजाण्याचा दिवस फुकट जातो.

डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: ‘सॉक्स-वन’ अँटीबॉडीची रक्ततपासणी करता येईल का? स्मॉल सेलबरोबर येणाऱ्या लॅम्बर्ट-ईटनमध्ये ती बऱ्याच रुग्णांत सापडते, गाठ नसलेल्यांत क्वचितच. ती आली, तर शोध आणखी नेटाने करायचा. नाही आली, म्हणून शोध थांबवायचा नाही.

“हुडकलं की सापडतंयच” हे दादांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यामागे भीती आहे आणि ती मला समजते. आपल्याकडे कॅन्सर कळेपर्यंत तो बहुतेकदा शेवटच्या टप्प्यात असतो. म्हणून कळणं आणि मरणं या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकच होऊन बसल्या आहेत. पण हुडकल्याने गाठ तयार होत नाही. असली तर ती आधीपासून आहे. स्मॉल सेल हा झपाट्याने पसरणारा कर्करोग आहे. तो छातीच्या एकाच बाजूला असताना सापडला तर केमोथेरपी आणि रेडिएशन दोन्ही एकत्र देऊन बराच आटोक्यात आणता येतो, पसरल्यावर सापडला तर हातात फार थोडं उरतं. लॅम्बर्ट-ईटन असलेले स्मॉल सेलचे रुग्ण तो सिंड्रोम नसलेल्यांपेक्षा सरासरी जास्त जगतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. पायांनी आधीच हाक दिलेली असते, हे त्यामागचं एक कारण. आप्पांच्या पायांनी ती दिली आहे. ती न ऐकणं मला अन्यायाचं वाटतं, त्यांच्यावरच.

दादांशी बोलताना ‘कॅन्सर’ या शब्दाने सुरुवात करू नका. म्हणा, “दादा, पाय बरे करायचे असतील तर मुळाशी जावं लागंल.” ते खरंही आहे. गाठ असेल आणि तिच्यावर उपचार झाले, तर पायातली ताकदही बऱ्याचदा सुधारते, कारण नसेचं टोक मेलेलं नसतं, अडवलेलं असतं. तोवर पायांसाठी स्वतंत्र औषधही आहे. अ‍ॅमिफॅम्प्रिडीन नावाच्या गोळीने नसेच्या टोकाशी रसायन जास्त सुटतं. ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल असं नाही, कुठून आणि कशी मागवायची हे न्यूरॉलॉजिस्टच सांगतील. आप्पांना कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा, या औषधात त्याचा धोका असतो. त्रास जास्त असेल तर इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं देतात. ती महाग असतात, म्हणून ‘नेमका कितपत आणि किती दिवस फायदा होईल?’ हे विचारायला संकोच करू नका.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही, पण दादांच्या मनात ते असणारच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. निदानाच्या, बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासण्या मात्र बऱ्याचदा त्यात बसत नाहीत. आधी केस दाखल करून आरोग्यमित्राशी, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाशी बोला, मग तपासणी करा, उलटं नको. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात रेशन कार्ड आणि आधार घेऊन गेलात तर काय बसतं आणि काय नाही हे तोंडावर सांगतील. पुढे गाठ निघालीच आणि दुसरं मत हवंसं वाटलं, तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठून परळच्या टाटा मेमोरिअलला जाणारी माणसं आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. मात्र तिथे जाताना नसांच्या तपासणीचा मूळ रिपोर्ट हवाच. कर्करोगाचे डॉक्टर आणि नसांचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत, हा आग्रह तुम्ही धरा. केमोतली सिसप्लॅटिनसारखी औषधं संवेदनेच्या नसांना इजा करू शकतात. आणि हल्ली दिली जाणारी इम्युनोथेरपी प्रतिकारशक्तीला आणखी चेतवते. प्रतिकारशक्तीच नसांवर उलटलेल्या माणसाला ती द्यायची की नाही, हा दोघांनी मिळून घ्यायचा निर्णय आहे.

आता आप्पांना सांगण्याबद्दल.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबले. आप्पा पहाटे उठून, घरचे झोपलेले असताना, भिंतीला धरून बैठका मारायचा प्रयत्न करतात. एकेकाळी तालमीत शेकड्याने बैठका मारणाऱ्या माणसाला देशी संडासातून उठायला बायकोचा हात लागतो आहे आणि कारण कुणी सांगत नाही. मग तो दुसरं काय करणार? आपण ढिले पडलो, आळशी झालो, असंच त्याला वाटणार. ताई, तुम्ही सगळे गप्प राहून त्यांना त्रासापासून वाचवत नाही आहात. तुमच्या गप्प राहण्याने त्यांचा सगळा राग त्यांच्या स्वतःच्या शरीरावर निघतो आहे.

शिवाय सांगायचं तरी काय आहे? ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ हे सांगायचंच नाही, कारण ते खरं नाही, निदान आज तरी कुणाला ते माहीत नाही. खरं आहे ते एवढंच: “आप्पा, तुमचे स्नायू चांगले आहेत. नस आणि स्नायूच्या सांध्यात बिघाड झालाय, त्याला औषध आहे. कधीकधी याचं मूळ फुफ्फुसात असतं. पहिल्या फोटोत काही दिसलं नाही, तरी डॉक्टर दोन वर्षं अधूनमधून बघणार आहेत.” यात खोटं काही नाही आणि भ्यावं असंही फार नाही. त्यांनी उलटून विचारलं, “म्हणजे कॅन्सर का?” तर “असू शकतो, म्हणूनच बघायचंय,” असं सांगा आणि पुढे त्यांना बोलू द्या. सांगायला तुम्हीच जा. आईसमोर सांगा, चारचौघांत नको. दादा जवळ असतील तर फारच बरं.

सांगण्याचा एक रोकडा फायदाही आहे. बिडी का सोडायची, याचं कारण आज त्यांच्याकडे नाही. ‘तब्येतीला वाईट’ हे ते चाळीस वर्षं ऐकत आलेत. ‘तुमच्या पायाचं मूळ फुफ्फुसात असू शकतं’ हे मात्र त्यांनी कधीच ऐकलेलं नाही. सोडायला मदत लागली तर पाकिटावर सरकारी हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो, फोन फुकट आहे.

बैठकांचं काय? या आजारात गंमत अशी की एखादा स्नायू दहा-पंधरा सेकंद जोर लावून आवळला तर क्षणभर ताकद वाढते, कारण पुन्हा पुन्हा निरोप गेल्याने नसेच्या टोकाशी कॅल्शियम साचतं. न्यूरॉलॉजिस्टनी मशीनवर हेच पाहिलं असेल: आधी सिग्नल लहान, जोर लावल्यावर दुपटीहून मोठा. आप्पांनाही पहिल्या दोन बैठकांत ‘आलं की’ असं वाटत असेल आणि मग पाय एकदम गळत असतील. पहाटे एकट्याने बैठका नकोत, पडले तर खुबा मोडेल. फिजिओथेरपिस्टकडून झेपेल तेवढा व्यायाम ठरवून घ्या. संडासात कमोडची खुर्ची आणि भिंतीला दांडी बसवा, तीही आजच. कढत पाण्याची अंघोळ आणि भर उन्हातली शेतावरची फेरी टाळा, उष्णतेने ही अशक्तता वाढते.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं लिहिते, कारण फुफ्फुसातल्या गाठीचं पहिलं लक्षण नेहमी पायातच येतं असं नाही. काहींच्या हातापायांना आठवड्या-आठवड्याने वाढणारी बधिरता आणि आग सुरू होते, डोळे मिटले की तोल जातो. शुगरची बधिरता सहसा दोन्ही तळव्यांपासून सावकाश, वर्षानुवर्षं चढते. ही मात्र झपाट्याने येते, कधी एकाच हाताला, कधी चेहऱ्यालाही. ‘अँटी-हू’ नावाच्या अँटीबॉडीबरोबर हा प्रकार दिसतो आणि त्यात नसेच्या पेशीच मरतात. गेलेलं परत येणं कठीण असतं, म्हणून तिथे घाई जास्त. काहींना काही आठवड्यांतच विसर पडायला लागतो, स्वभाव पालटतो, फिट येते, आणि घरचे बाहेरचं बघायला देवऋष्याकडे नेतात. काहींची चाल दारू प्यायल्यासारखी होते, जीभ जड होते. हे सगळं फार दुर्मीळ आहे, दर विसराळू माणसाच्या छातीत गाठ शोधू नका. पण बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसात असं काही आठवड्या-महिन्यांत झपाट्याने आलं आणि मणक्याच्या एमआरआयमध्ये कारण सापडलं नाही, तर हाडाच्या डॉक्टरांकडे चकरा मारण्याऐवजी न्यूरॉलॉजिस्ट गाठा. आप्पांचे जे महिने मालिशीत गेले, ते कुणा दुसऱ्याचे जाऊ नयेत.

ताई, तुमच्यासाठी राहिलेली कामं. एक वही करा. दर पंधरवड्याला त्याच काट्यावर वजन, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, किती पायऱ्या चढले, घास अडकतो का, एवढंच लिहा. तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर ‘जरा बरंय’ म्हणण्यापेक्षा ही वही ठेवलेली बरी. आप्पांच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या: ‘लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम आहे.’ दात काढायचा असो, दुर्बिणीने फुफ्फुसाची तपासणी असो वा कुठलंही ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती आधी दाखवायची, कारण स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा अशा माणसावर साध्या डोसमध्येही जास्त परिणाम होतो. काही अँटिबायोटिक्सही ही अशक्तता वाढवतात, त्यामुळे साध्या तापाला गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तरी चिठ्ठी दाखवा.

शेवटी तुम्ही विचारलेला काढा. पोट साफ होत नाही म्हणून आई तो देते आहे ना? त्यात काय आहे ते वैद्यांकडून कागदावर लिहून घ्या आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. जुलाबाची पांढरी, मॅग्नेशियमची बाटली घरात असेल तर तीही विचारल्याशिवाय देऊ नका, मॅग्नेशियमने नसेच्या टोकाचं काम आणखी मंदावतं. आणि आडवं झाल्यावर दम लागला, आवाज बारीक झाला किंवा पाणी पिताना ठसका लागायला लागला, तर तीन महिन्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात न्या.